पदरातले पाच लाख फेरे

पैठणीत रेशीम किती, असं विचारलं की येवल्यात उत्तर ग्रॅममध्ये मिळतं. कापडाच्या व्यवहारात तेच रास्त. पण तेच उत्तर लांबीत काढून पाहिलं, तर वहीत उमटलेल्या आकड्यांवर सहज विश्वास बसत नाही.

सहावारी पैठणी घेऊ. लांबी साडेपाच मीटर, रुंदी ४८ इंच. पोत कसा हवा त्याप्रमाणे इंचातल्या धाग्यांची संख्या बदलते, पण हिशेबासाठी उभे आणि आडवे दोन्हीकडे इंचाला ८० धरू. ४८ गुणिले ८० म्हणजे ताण्याच्या ३,८४० तारा. प्रत्येक तार सुमारे सहा मीटरची, कारण मागावर थोडा ताणा वाया जातोच. एकूण २३ किलोमीटर. आता बाणा. साडेपाच मीटरांत आडवे धागे १७ हजारांवर भरतात आणि प्रत्येक धागा साडीच्या रुंदीएवढा, म्हणजे सव्वा मीटरच्या आत-बाहेर. ते झाले २१ किलोमीटर. दोन्ही मिळून ४४. नाशिकहून येवल्याच्या रस्त्याला लागून एका साडीचा धागा सोडत निघालो, तर निफाड मागे टाकेपर्यंत तो संपत नाही.

आणि हा धागा म्हणजे पीळ दिलेला, रंगवलेला, मागावर चढलेला तयार धागा. तो उकलला की खरा आकडा सुरू होतो. कोषातून रेशीम उलगडताना सात-आठ कोषांचे तंतू एकत्र ओढून एक कच्चा धागा करतात. असे काही कच्चे धागे एकत्र पिळले की विणायचा धागा होतो. रेशमाची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. कोषातला मूळ तंतू अडीच ते तीन डेनिअरचा असतो. नऊ किलोमीटर तंतू तराजूत टाकला तर काटा तीन ग्रॅमच्याही पुढे जात नाही! साडीत अर्धा किलो रेशीम धरलं, तर त्यातला मूळ तंतू दीड हजार ते अठराशे किलोमीटर भरतो. काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत आपला देश ३,२१४ किलोमीटर लांब आहे, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. कपाटात दोन पैठण्या घडी करून ठेवल्या असतील, तर साधारण तेवढी लांबी तिथे आहे.

हा तंतू ज्या जिवाने काढला त्याचा हिशेबही इथेच मांडते. रेशीम अळी अंड्यातून निघते तेव्हा तिचं वजन अर्धा मिलिग्रॅम असतं. पुढचे २५-२६ दिवस ती तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि जन्माच्या वजनाच्या सुमारे दहा हजार पट होते. तीन किलोचं बाळ त्या गतीने वाढलं, तर महिन्याच्या आत ते ३० टनांचं होईल. मग अळी खाणं थांबवते, डोकं डुलवत स्वतःभोवती तंतू गुंडाळू लागते आणि दोन-तीन दिवस तेच करत राहते. कोषात एक किलोमीटरच्या आसपास तंतू असतो. तासाला सुमारे १४ मीटर, सेकंदाला चार मिलिमीटर, अखंड. वाया जाणारा तंतू धरून एका पैठणीला असे अडीच हजारांच्या घरात कोष लागतात आणि त्या अळ्यांनी पन्नास-साठ किलो पाला खाल्लेला असतो. पतंग कोष फोडून बाहेर आला तर तंतू तुटतो, म्हणून त्याआधीच कोषांना उष्णता देतात. हे अडीच हजार जीव या साडीच्या हिशेबात धरायलाच हवेत.

जरीकडे वळलं की आकडे उलट दिशेने पळतात, लहान आणि आणखी लहान होत जातात. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवत आणि मग ती कांब एकाहून एक बारीक भोकांतून ओढत. तारकशीचं सगळं कसब हेच. चांदी लांबत जाते तसं वरचं सोनंही तिच्याबरोबर लांबतं आणि पातळ होत जातं, पण सुटत नाही. एक ग्रॅम सोन्याची दोन किलोमीटर लांब तार निघते, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं. आता शंभर भाग चांदीवर एक भाग सोनं धरा आणि तार केसाएवढी बारीक होईपर्यंत ओढा. वरच्या सोन्याची जाडी मिलिमीटरच्या बारा हजाराव्या भागाच्या आसपास येते. अणूंच्या भाषेत बोलायचं तर साडेतीनशेच्या जवळपास थर. त्यानंतर ती तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात, म्हणजे ते सोनं आणखी पसरतं. साडेतीनशे अणूंच्या जाडीचं सोनं पिढ्यान्‌पिढ्या लग्नामुंजींत मिरवतं आणि चमक टिकवतं! आज बहुतेक पैठण्यांत तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली किंवा त्याहून स्वस्त जर असते. खऱ्या जरीची साडी मुद्दाम सांगून करवून घ्यावी लागते.

इथपर्यंतचे आकडे वस्तूचे आहेत. मला ज्या आकड्याविषयी लिहायचं आहे, तो हातांचा आहे.

त्याच्यापर्यंत मी लेसच्या वाटेने पोचले. मला लेसचं वेड आहे. घरात क्रोशाचे रुमाल, तोरणं आणि ताटावरची झाकणं बघत वाढले, त्यातून ते लागलं आणि पुढे इंग्लंडमध्ये लेस बघत हिंडण्यापर्यंत गेलं. डेव्हनमधलं हॉनिटन हे हातच्या लेसचं नाव काढण्यासारखं गाव. तिथल्या ऑलहॅलोज संग्रहालयात लेस बघताना नाक काचेला लागतं, कारण धागा डोळ्यांना धड दिसत नाही. ही लेस सुईने होत नाही. एक घट्ट भरलेली उशी असते, तिच्यावर टोचून काढलेला नमुना पसरतात, टाचण्या रोवतात आणि बारीक लाकडी बॉबिनांवर गुंडाळलेले धागे एकमेकांवरून नेतात. हालचाली मुळात दोनच, ओलांडणं आणि पीळ देणं. या दोन हालचालींतून गुलाब, नेचे आणि फुलपाखरं होतात. इंग्लंडच्या मध्य भागातल्या बॉबिनांना खाली रंगीत मणी लोंबत असतात, हॉनिटनच्या बॉबिना मात्र सडपातळ, टोकदार आणि मण्यांशिवाय. कारण इथे विणताना अख्खी बॉबिन एका धाग्याच्या फासातून आरपार ओवावी लागते आणि मणी तिथे अडला असता.

राणी व्हिक्टोरियाचं लग्न १८४० साली झालं. तिच्या पोशाखाची लेस हॉनिटनजवळच्या बिअर या समुद्रकाठच्या खेड्यात आणि आसपास २०० हून अधिक बायकांनी काही महिने खपून केली. फुलं-पानं हातची होती, पण ती ज्या जाळीवर बसवली ती जाळी यंत्रावरची होती. ते यंत्र होतं जॉन हीथकोटचं. त्याने १८०८ आणि १८०९ साली पेटंटं घेतली. हाताने जाळी करणारी कुशल बाई मिनिटाला पाच घरं करी आणि हीथकोटचं यंत्र हजार, असा त्या काळचा हिशेब सांगतात. १ ला २००. लाफबरोमधल्या त्याच्या कारखान्यावर १८१६ च्या जूनमध्ये रात्री हल्ला झाला आणि ५५ यंत्रं फोडली गेली. हीथकोटने बिऱ्हाड हलवलं आणि कारखाना नेला तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला, म्हणजे हातच्या लेसच्या अंगणातच.

पुढे यंत्राने नुसती जाळीच नव्हे, नक्षीही आपल्या हातात घेतली. भोकं पाडलेल्या कार्डांवर नमुना उतरवायचा आणि मागाने ती कार्डं एकामागून एक वाचायची, ही जॅकार्डची युक्ती. १८३९ साली लिऑनमध्ये खुद्द जॅकार्डचं चित्र रेशमात विणलं, त्याला २४,००० कार्डं लागली. गणकयंत्राच्या मागे लागलेल्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून ठेवली होती. नॉटिंगहॅमने तर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या हवाई लढाईची आठवण लेसमध्ये विणली. हॅरी क्रॉसने काढलेला तो पडदा १५ फूट लांब आणि साडेपाच फुटांच्या आत रुंद आहे. जळणारं लंडन, विमानं, वैमानिक, सगळं जाळीत. त्यासाठी ४०,००० हून अधिक कार्डं पाडावी लागली. त्या पडद्यासमोर उभं राहिलं की चाळीस हजार हा आकडा छातीवर येतो.

मी येवल्याला गेले ती हा आकडा डोक्यात घेऊनच.

पैठणहून विणकर आणून रघोजी नाईकांनी सतराव्या शतकात हे गाव वसवलं, असं इथे सांगतात. आज शहरात आणि नागडे, बल्हेगावसारख्या आसपासच्या गावांत घरोघर माग आहेत. मी ज्या मागापाशी बसले तो खड्डामाग होता. विणकर जमिनीच्या पातळीवर बसलेला, पाय खड्ड्यात पावड्यांवर, पुढ्यात पदर. त्या दिवशी पदर नुकता निम्म्यावर आला होता.

साडीचा अंगाचा भाग विणताना तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. प्रत्येक ओळीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, म्हणजे शिवण नसतानाही काठ आणि अंग एकजीव होतात. साडेचार मीटर अंगात इंचाला ८० या हिशेबाने १४ हजारांवर ओळी, तीन धोट्यांनी गुणलं की ४२ हजारांवर फेरे. बुट्ट्या वेगळ्या. नॉटिंगहॅमचा पडदा जेवढी कार्डं खातो, तेवढ्या वेळा इथे नुसत्या सपाट अंगासाठी हात चालतो.

पदराला धोटा नाही. पदराला तिल्ल्या लागतात, बोटाएवढ्या काड्यांवर गुंडाळलेले रंगीत रेशमाचे आणि जरीचे धागे. पायाने पावडी दाबली की ताण्याच्या तारा वर-खाली होऊन मध्ये फट पडते. त्या फटीतून एका टोकापासून सुरुवात करायची. जरीची तिल्ली चार तारांखालून न्यायची, शेजारच्या हिरव्या धाग्यात अडकवायची, सोडायची. हिरवी उचलायची, मोराच्या पंखाच्या काठापर्यंत न्यायची, निळ्यात अडकवायची, सोडायची. मग निळी, मग पुन्हा जर, मग चोचीचा लाल, तो जेमतेम दोन-तीन तारांपुरता. असं करत ४८ इंच पार करायचे, फणी ठोकायची, पाय बदलायचा. एक ओळ झाली. ताण्याखाली नक्षीचा कागद होता, पण विणकराची नजर त्याच्याकडे क्वचितच जात होती. तो मोर त्याच्या वडिलांच्याही मागावर विणला जायचा.

"दादा, या ओळीत तिल्ल्या किती?" मी विचारलं.

त्याने हात न थांबवता पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. "मोजल्या नाहीत ताई. दीडशेच्या वरच असतील. मोर दाट आला की वाढतात."

दीडशेच धरू. पदर ४० इंचांचा असेल तर इंचाला ८० प्रमाणे ३,२०० ओळी. प्रत्येक ओळीत १५० वेळा तिल्ली उचलायची, न्यायची, अडकवायची, ठेवायची. ३,२०० गुणिले १५० म्हणजे ४,८०,०००. एका साडीच्या एक मीटर पदरात एका माणसाचा हात जवळपास पाच लाख वेळा धागा उचलून ठेवतो. उरलेल्या साडेचार मीटर अंगाला जेवढे फेरे लागतात, त्याच्या अकरा पट काम या शेवटच्या मीटरभरात आहे.

पाच लाख. आणि हे पाच लाख फेरे एकसारखे नाहीत. यंत्राचं कार्ड एकदा पाडलं की पाडलं. त्यात एका ओळीचा हुकूम कायमचा कोरलेला असतो आणि तोच नमुना हव्या तितक्या वेळा काढता येतो. मागावरच्या माणसाला पुढच्या पदरावर पुन्हा पाच लाख वेळा ठरवावं लागतं, हा रंग इथेच संपतो की एक तार पुढे? एक तार चुकली तर मोराची मान वाकडी येते आणि ती वाकडी मान दहा-बारा ओळींनंतर दिसते. मग उसवायचं. उसवणं म्हणजे तेच फेरे उलटे.

एका फेऱ्याला तीन सेकंद धरले तरी पदराला ४०० तास. दिवसाचे आठ तास बसलं तर ५० दिवस, म्हणजे दिवसाला इंचाहूनही कमी. विणकरांना विचाराल तर तेही असंच सांगतात, दाट पदर रोज इंच-अर्धा इंच सरकतो. साधी साडी तीन-चार आठवड्यांत उतरते, भरगच्च पदराची साडी मात्र कित्येक महिने मागावर राहते. नक्षी अंगभर असेल तर वर्ष-दीड वर्षही जातं.

सांधणीबद्दल सांगायचं राहिलं, ते काम मला पदराहूनही जास्त विलक्षण वाटलं. जुना ताणा संपत आला की नवा ताणा फणीतून पुन्हा ओवत बसत नाहीत. जुन्या ताण्याच्या प्रत्येक तारेला नव्या ताण्याची एक तार बोटांनी पिळून जोडतात. गाठ मारत नाहीत, नुसता पीळ, कारण गाठ फणीत अडकली असती. ३,८४० तारा, म्हणजे ३,८४० पीळ, आणि एकही तार शेजारच्या तारेशी अदलाबदल होता कामा नये. बहुतेक घरांत हे काम बायका करतात. बोटांच्या टोकांना राख लावून, सेकंदांच्या हिशेबाने, मान खाली घालून. तिल्ल्या भरून देणंही त्यांचंच, आणि दुपारी शाळेतून आलेली पोरंही त्याला हात लावतात. साडीवर नाव मात्र कुणाचंच नसतं. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत (२०१९-२०) देशात ३५ लाखांवर विणकर आणि जोडकामगार मोजले गेले आणि त्यांत बायका ७० टक्क्यांहून जास्त आहेत. सांधणी बघितल्यावर हा आकडा मला पटला.

हॉनिटनमध्ये जे झालं ते येवल्यातही चाललं आहे, फक्त आपण ते डोळ्यांसमोर घडताना बघतो आहोत. यंत्रमागावर जॅकार्ड लावून मोराचा पदर तासाभरात उतरवता येतो. त्याला सेमी पैठणी म्हणतात. ज्यांना हजार-दोन हजारांतच साडी घेता येते त्यांच्यासाठी ती ठीक आहे, आणि तसं सांगून विकली तर त्यात काही वावगं नाही. दुःख एवढंच की तीच साडी कित्येकदा हातची म्हणून विकली जाते आणि मग गिऱ्हाईक हातच्या पदराची किंमत तिच्या किमतीशी ताडून बघतं. ४०० तासांचा हिशेब घाला. तासाला नुसते १०० रुपये धरले तरी पदराचीच मजुरी ४० हजार होते. रेशीम, जर, सांधणी, साडीचं अंग आणि दुकानदाराचा नफा अजून धरलेलाच नाही. भरल्या पदराची "हातची" पैठणी कुणी दहा हजारांत देऊ केली, तर हा गुणाकार करून बघावा. एक तर ती हातची नाही, नाहीतर कुणाच्या तरी तासांचे पैसे दिले गेलेले नाहीत.

ओळखायची रीत सोपी आहे, कुठल्याही बाईला करता येईल. पदर उलटा करा. हातच्या पदरात प्रत्येक रंग आपल्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्यात अडकून परत फिरतो, त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्राच्या पदरात रंगाचे धागे एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मागून लोंबत जातात किंवा कापलेले दिसतात आणि बोट फिरवलं की खरखरतात. काठ जिथे अंगाला मिळतो तिथेही बोट फिरवा. तीन धोट्यांची साडी असेल तर काठाचा रंग आणि अंगाचा रंग तिथे बारीक दातांनी एकमेकांत अडकलेले दिसतील.

आणि येवल्याला पैठणी घ्यायला जाणार असाल, तर दुकानात शिरण्याआधी एखाद्या मागावर जाऊन बसा. विणकर हाकलत नाहीत, उलट सतरंजी टाकून देतात. पाच मिनिटं एकच ओळ बघा आणि विचारा, या ओळीत तिल्ल्या किती. पदराची लांबी इंचात मोजा, विणकराला इंचातल्या ओळी विचारा आणि तिथेच मोबाइलवर गुणाकार करा. माझा आकडा पाच लाखांजवळ आला होता. दाट मोरांच्या पदरावर तो सात-आठ लाखांवरही जाईल.